हात वर करणारं गाव

जेबेझ कोल्व्हर लाकडी पिंपं बनवायचा. कनेटिकटमधल्या आमच्या हॅरोफील्डमध्ये त्याच्याइतकं घट्ट पिंप कुणाला जमत नसे, आणि त्याच्याइतकं कडू तोंडही कुणाचं नव्हतं. फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत तो तरुणपणी इंग्लंडच्या राजाच्याच बाजूने लढून आला होता. त्यामुळे लढाईतलं त्याला कळत होतं आणि आम्हाला नव्हतं. एवढी साधी गोष्ट गावाच्या डोक्यात शिरायला हवी होती.

राजाशी बिनसलं आणि गावाने तुकडी उभी केली. आमच्याकडे कप्तान वरून येत नाही. तुकडीतले लोक मैदानात जमतात आणि हात वर करून तो निवडतात. या रिवाजाचा आम्हाला भलताच अभिमान. राजाला राजा केलं कुणी, असं आम्ही छाती काढून विचारायचो.

उभे होते दोघे. एक जेबेझ, दुसरा खाणावळवाला होझिया टटल. जुना शिपाई म्हणून कवायत जेबेझ घ्यायचा आणि दर शनिवारी आम्हाला चिखलात चर खणायला लावायचा. होझिया कवायत झाली की सफरचंदाची दारू पाजायचा.

"मला गोड बोलता येत नाही," जेबेझ म्हणाला. "माझा पोरगा एसा तुमच्यातच आहे. मला कप्तान करा, जमतील तेवढी पोरं परत आणीन."

"आधी आमच्याकडून आमचीच थडगी खणून घेशील, काका," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे खिदळले, मीही. होझियासाठी सदतीस हात वर गेले, त्यातला एक माझा. जेबेझ रुसून घरी बसला नाही. बंदूक घेऊन मुलाशेजारी साधा शिपाई म्हणून रांगेत उभा राहिला.

वसंतात राजाची फौज बोस्टन सोडून गलबतांतून निघून गेली, तेव्हा आम्हाला वाटलं, झालं, जिंकलो. ऑगस्टात ती न्यूयॉर्कला परत आली, दुपटीने. लाँग आयलंडवर टेकडीतली एक वाट आम्हाला राखायला दिली होती.

"कप्तान, मागची बाजू उघडी आहे," जेबेझ म्हणाला. "संध्याकाळपर्यंत चर खणून होईल."

होझियाने मान पुसली. "उकाडा केवढा आहे. काय रे पोरांनो, आत्ता खणायचं की उद्या बघायचं?"

'उद्या'साठी हात वर झाले. एसाने बापाकडे पाहिलं आणि हात खालीच ठेवला. माझा वर होता.

सकाळी राजाचे शिपाई मागूनच आले. सगळ्यात आधी होझिया पळाला. त्याला नावं ठेवताना मी आवाज जरा खाली ठेवतो, कारण त्याच्या मागोमाग मी होतो. जेबेझ आणि एसाने दहाएक जणांना घेऊन कुंपणाआडून गोळ्या चालू ठेवल्या, म्हणून बाकीच्यांना दलदल ओलांडता आली. जेबेझ परत आला, एसा आला नाही.

पुढे चार महिने आम्ही नुसते मागे हटत होतो. होझिया पोटदुखीचं निमित्त करून सप्टेंबरातच घरी गेला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मात्र, गारांचा मारा चालू असताना, आम्ही ट्रेंटनला राजाच्या भाडोत्री जर्मनांना गाठलं आणि शेकड्यांनी कैद केलं. मी पाहिलेला तेवढाच एक विजय. पण आमची भरतीची मुदत वर्षअखेरीस संपत होती, आणि मुदत संपली की बोचकं बांधायचं हाही आमचा रिवाज. एका अधिकाऱ्याने घोड्यावरून विनवलं, आणखी सहा आठवडे थांबा, थांबणाऱ्यांनी पुढे या. ढोल वाजला. आमच्या रांगेतून एकटा जेबेझ पुढे झाला.

"काका, आता कशासाठी?" मी विचारलं. "एसा तर गेला."

"तू घरी जा. एसाच्या आईला काय सांगायचं, ते माझं अजून ठरलं नाही."

मी घरी गेलो. तो मार्चमध्ये आला, कुबडीवर. डाव्या पायाची बोटं थंडीने खाल्ली होती.

आमच्या प्रार्थनाघरात कुणी कुठल्या बाकावर बसायचं ते माणसाचा मान पाहून ठरतं. त्या वर्षी ठरवणाऱ्या तिघांत मी होतो. बैठकीच्या आदल्या दिवशी जेबेझची बायको मेहिटाबेल माझ्या दारात आली.

"पुढचा बाक ह्यांना नकोय, एल्नाथन. एसा कसा गेला, तेवढं एकदा सगळ्यांसमोर सांग. होझिया म्हणतो, पोरगं पळताना मेलं. तू तिथे होतास."

"सांगतो, काकू," मी म्हणालो.

गावासमोरच्या बैठकीत पुढच्या बाकासाठी होझियाचं नाव आलं. कप्तान तो कप्तानच, असं बाकीच्या दोघांचं म्हणणं पडलं. एसा कुंपणाशी उभा होता हे सांगायचं, तर मी कुठे होतो हेही सांगावं लागलं असतं. माझी बायको समोर बसली होती, तिचे भाऊ बसले होते. मी हात वर केला.

बाहेर जेबेझ पायरीवर बसला होता.

"ठरलं?"

"ठरलं, काका."

"हात वर करून?"

"हो."

"मग ठीक," म्हणत त्याने कुबडी बाजूला ओढून मला वाट करून दिली.

त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली. मेहिटाबेल अजून शेवटच्या बाकावर बसते. मी दर रविवारी तिच्या बाकावरून पुढे जातो, आणि एसा पळताना मेला असंच गाव अजून म्हणतं.