नकाशातला हिरवा तुकडा

दादा गेल्याचा फोन धारला आमच्या घराखालच्या किराणा दुकानात आला. दुकानदाराने हाक मारली तेव्हा मी दाढी करत होतो. निम्मी दाढी तशीच ठेवून देवासची बस पकडली... त्याला आता महिना झाला.

माझा थोरला भाऊ देवासच्या नगर-नियोजन कचेरीत नकाशे काढायचा. सत्तरच्या दशकात गावात कारखाने येऊ लागले आणि पुढचं देवास कागदावर उतरलं. घरं पिवळी, कारखाने जांभळे, बागा हिरव्या. रंग भरायचं काम दादाकडे. वडिलांनी बांधलेलं आमचं दोन खोल्यांचं घर अंगणासकट हिरव्यात गेलं. तो हिरवा रंग दादाने स्वतःच्या हाताने भरला, घरी येऊन जेवला आणि अवाक्षर बोलला नाही.

कळलं ते माझं लग्न ठरल्यावर. वर एक खोली चढवायचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. बागेच्या जागेवर बांधकाम चालत नाही म्हणे. विकायला काढलं तर गिऱ्हाईक नकाशा बघून पाठ फिरवी. बागही होईना, घरही वाढेना. आई, दादा-वहिनी आणि आम्ही दोघं, मध्ये जुन्या साडीचा पडदा. कुणी कूस बदलली तरी सगळ्यांना कळायचं. एक दिवस मी भडकलोच.

"साहेबांना सांगून तो हिरवा रंग जरा सरकवता आला नसता तुला?"

"सरकवला असता तर शेजारच्या सोनीजींच्या घरावर गेला असता. त्यांना काय सांगायचं?"

वहिनी आतून म्हणाली, "त्यांचं राहू द्या हो. आम्हाला तरी वेळेवर सांगायचं होतंत."

दादा उठून अंगणात गेला.

मी बदली मागून धारला आलो. सुटलो, असं वाटलं. त्याची लाज अजून वाटते. दादा तिथेच राहिला, आई गेल्यावरही. पुढे कधीतरी त्याने फाटकाची कडी काढून टाकली आणि अंगणात कडुलिंबाखाली दोन बाक टाकले. संध्याकाळी गल्लीतली म्हातारी मंडळी येऊन बसू लागली. "सरकारची बाग आता तूच चालवतोस वाटतं!" मी चेष्टा केली. तो हसला नाही. "कागदावर आहे ना," एवढंच म्हणाला.

तेराव्यानंतर वहिनीला धारला आणायचं ठरलं. घराला कुलूप लावून मी दुसरं कुलूप लावायला फाटकाला साखळी ओवत होतो, तर बाकावर बसलेल्या सोनीजींनी काठी उचलून विचारलं, "क्यों भिया, बगीचा बंद कर रिये हो क्या?"

हिरवा रंग सरकवला असता तर यांचं घर त्यात गेलं असतं, यातलं काहीच यांना ठाऊक नव्हतं... दादाने कधी सांगितलंच नसणार. माझे हात थांबले. रिक्षात बसलेली वहिनी म्हणाली, "राहू द्या भाऊजी, चला."

फाटकाचं ते कुलूप इथे धारला माझ्या टेबलावर आहे. किल्ली त्यातच आहे.