आवाजवाल्या भाऊजींचा नवा मिक्सर

आमच्या भाऊजींचा धंदा आवाजाचा. कुणाचा निरोप समारंभ असो की कुणाची पन्नाशी, स्पीकर, माइक आणि गाणी घेऊन भाऊजी हजर. तीस वर्षं हे केल्यावर त्यांचा डावा कान गेला. गेला म्हणजे पुरता गेला. डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात त्या कानाची रेघ तळाला जाऊन पडली होती. हे मला ठाऊक, कारण त्या दिवशी सोबत मी होतो. बाहेर पडल्यावर त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. गिऱ्हाइकांना कळलं तर धंदा बसला. आणि ताईला कळलं तर त्याहून वाईट, कारण स्पीकरच्या तोंडाशी उभे राहू नका, असं ती लग्न झाल्यापासून सांगत आली होती. ताई माझी सख्खी बहीण. तरी मी तोंडाला कुलूप लावलं. हा माझा नेभळटपणा होता, हे आधीच कबूल करतो.

काम चालू राहावं म्हणून भाऊजींनी नवा डिजिटल मिक्सर घेतला. लोकांना वाटलं, हौस. खरं कारण असं की हे यंत्र गाणं डोळ्यांना दाखवतं. पडद्यावर रंगीत लाटा पळत असतात. ठेका कुठे पडतोय, पुढचं गाणं कुठे जुळेल, आवाज किती चढलाय, सगळं बघून कळतं. दोन गाण्यांचे ठेके ते स्वतःच जुळवून घेतं. कोणत्या हॉलमध्ये आवाज कसा ठेवला होता तेही लक्षात ठेवतं, जे भाऊजींना लग्नाच्या वाढदिवसाबाबत कधी जमलं नाही. आणि त्याचा सर्वांत लाडका गुण म्हणजे, माइकवर कुणी बोलू लागलं की गाणं आपोआप खाली उतरतं, बोलणं संपलं की पुन्हा वर चढतं. एवढी अदब माणसांतसुद्धा उरली नाही, असं भाऊजी चारचौघांत सांगायचे.

अवगुणही भरपूर. जुन्या मिक्सरवर एका कामाला एक बटण होतं आणि ते जन्मभर त्याच कामाला बांधलेलं होतं. नव्यावर एका बटणाला चार कामं, आणि त्यातलं आत्ता कोणतं चालू आहे हे दुसऱ्या बटणाला विचारायचं. जागं व्हायला तीन मिनिटं लागतात. उन्हात पडदा दिसत नाही. आवाजाला वळण द्यायच्या चौसष्ट तऱ्हा आहेत, त्यातल्या तीन लागतात. उरलेल्या एकसष्टांपैकी एक चुकून दाबली गेली आणि एका मुख्याध्यापकांचं आभारप्रदर्शन विहिरीच्या तळातून आल्यासारखं झालं. शिवाय माइकचा लाल दिवा. जुन्या यंत्रावर तो लागला म्हणजे माइक चालू. नव्यावर लागला म्हणजे बंद. माहितीपुस्तकात हे एकशेचाराव्या पानावर लिहिलंय. भाऊजींना ते पाठ होतं, पण बोटांना सवय तीस वर्षांची.

इकडे ताई माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन यायची. हे यंत्र घरात आल्यापासून माणूस घुमा झालाय म्हणे. समोर उभं राहून बोललं तर उत्तर मिळतं, पण अंथरुणावर पडल्यावर काही विचारावं तर हूं नाही की चूं नाही. आधी तिने यंत्राला शिव्या घातल्या. मग शिव्याही बंद केल्या, आणि ते मला जास्त लागलं. ताई त्यांच्या डाव्या बाजूला झोपते. मी आलेख पाहिलेला होता. तरीही तिला म्हणालो, कामाचा ताण असेल.

मग एका दुपारी कापडाच्या कारखान्यात फोरमनचा निरोप होता, कँटीनमध्ये, दीडशे माणसं. ताईने तिथल्या तपासणी विभागात दहा वर्षं काढलेली, म्हणून तिलाही बोलावणं होतं. मी स्पीकर उचलायला गेलो होतो. मॅनेजरचं भाषण संपलं. भाऊजींनी माइक टेबलावर ठेवला, लाल दिवा विझेपर्यंत बटण दाबलं, गाणं लावलं आणि पुढचं गाणं तपासायला हेडफोन उजव्या कानावर चढवला. डावीकडे मोठा स्पीकर होता. तिसऱ्या रांगेत ताई होती, आणि ती यांच्याकडे सोडून सगळीकडे बघत होती. ते भाऊजींनी पाहिलं.

“तुझी ताई माझ्याशी बोलेनाशी झालीय,” ते मला म्हणाले. स्वतःचा आवाज ज्यांना नीट ऐकू येत नाही, ती माणसं बोलतात तसं मोठ्याने. गाणं अदबीने खाली उतरलं. “रात्री काहीतरी विचारायची. डावा कान गेलाय माझा, काय विचारलं ते कळायचंच नाही. पुन्हा विचार म्हणायची लाज वाटायची, म्हणून झोपेचं सोंग घ्यायचो. आता ती विचारतही नाही.”

मी दोन्ही हातांनी नको नको केलं. त्यांना वाटलं, मला वाईट वाटतंय. तुझा काही दोष नाही, असंही त्यांनी मला सगळ्या कँटीनच्या साक्षीने सांगितलं.

निम्म्या माणसांचे कान मागांच्या खडखडाटाने केव्हाच खाल्ले होते. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणाले, आणि शेजाऱ्याने ओरडून सांगितलं. ज्यांचा निरोप होता त्या फोरमनचे दोन्ही कान कामातून गेलेले. त्यांना तिघांनी मिळून समजावलं, तेव्हा ते म्हणाले, एक शाबूत आहे ना, मग पुढच्या वर्षीही यांनाच बोलवा. धंद्याची काळजी तिथे मिटली. मी मात्र ताईकडे बघत होतो.

ती उठली, सरळ टेबलाशी आली आणि सवयीने डावीकडे उभी राहिली.

“म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात,” ती म्हणाली. “मी वर्षभर आठवत बसले, माझं काय चुकलं.”

भाऊजींची मान वळली नाही. पण पडद्यावर माइकची रेघ उसळली, आणि ती त्यांनी पाहिली. मग दिव्याकडे पाहिलं. मग हेडफोन काढून वळले. ताईच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. माझ्याही, आणि माझ्या तर दोन्ही कानांत काही दोष नाही.

“ऐकू आलं नाही,” भाऊजी म्हणाले. “पुन्हा सांग.”

ताई टेबलाला वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि तेच सगळं पहिल्यापासून सांगू लागली. माइक चालूच होता. ते बटण माझ्या हाताशी होतं, मी त्याला हात लावला नाही. गाणं खाली उतरलं आणि ती दोघं बोलत होती तोवर खालीच राहिलं.