वाघमारे सरांचे खरे वाक्य

वाघमारे सरांना मी प्रथम पाहिले ते लातूरच्या आमच्या शाळेत, आठवीच्या वर्गात. तोवर मी घरीच वडिलांजवळ शिकले होते. शाळेचा दाखला नव्हता. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या शिक्षण कार्यालयातले साहेब तोंडी परीक्षा घेतील, मी उत्तीर्ण झाले तरच माझे नाव पटावर चढेल, नाहीतर पुन्हा घरी, असे ठरले होते.

सर इंग्रजीतले ‘हॅव बीन’ शिकवत होते. मागे सुरू झालेली, अजून चालू असलेली क्रिया, हा नियम मी एका दमात म्हटला. सर म्हणाले, “आता एक वाक्य दे.” मी पुस्तकातले दिले : आम्ही बरीच वर्षे लंडनमध्ये राहत आहोत.

“लंडनला पाण्याचा टँकर येतो का गं?” मागून एक मुलगी म्हणाली. वर्ग हसला.

“बरोबर विचारून राहिली ती,” सर म्हणाले. “खोट्या वाक्याला माझ्याकडं मार्क न्हाई, पोरी.”

सर मूळचे नायगावचे. वर्गात ते गावाकडचेच बोलत. “कवापासून करून राहिलो, ते सांगायचं. दिवाळीपासून म्हणलं की सिन्स, दोन महिने म्हणलं की फॉर.” एवढ्यावर मुलींची इंग्रजीची भीती कमी होई. दुष्काळामुळे आम्ही हंडे घेऊनच शाळेत येत असू. टँकर आला की सर म्हणत, “जा, भरून या. वाक्य कुठं जात न्हाई.” परतल्यावर ते खरोखर तिथूनच पुढे शिकवत.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी मला ‘हॅव बीन’चेच वाक्य विचारले. मुख्याध्यापकांनी लंडनचेच वाक्य सांग म्हणून बजावले होते. मी सरांकडे पाहिले. मी म्हटले, “वुई हॅव बीन वेटिंग फॉर वॉटर सिन्स मॉर्निंग.”

“हे पुस्तकात नाही. कोणी शिकवलं?” साहेबांचा आवाज चढला.

सर उठले. “मी, साहेब. वाक्य बरोबर हाय. खरं हाय का ते दारात बघा.”

साहेब दारापर्यंत गेले. भिंतीलगत रिकाम्या हंड्यांची रांग होती. परत येऊन ते मुख्याध्यापकांना एवढेच म्हणाले, “हिचं नाव घ्या.”

आज मीही इंग्रजी शिकवते. उदाहरण देताना ते खरे आहे ना, हे दोनदा तपासते. साठीतही सर सकाळी ओसरीवर मुलांना शिकवत असतात. सर शिकवत आले आहेत आणि अजून शिकवत आहेत, हे माझ्याजवळचे सर्वांत खरे वाक्य आहे. सरांची प्रकृती उत्तम राहो, आणि या वाक्याचा काळ पुष्कळ वर्षे बदलावा न लागो.