‘या’ कुणी म्हणायचं

आमच्या कामगार संघटनेच्या पत्रकांत ‘रक्तपिपासू’ हा शब्द कारखानदारांसाठी राखीव आहे. मी स्वतः तो कितीदा छापलाय. पण बायकोचा हात पिरगाळून मोडणाऱ्यासाठी आपल्याकडं एकच शब्द आहे, जावईबापू.

ताई सासरहून, बिडकीनहून, प्लास्टरातला हात घेऊन आमच्याकडं संभाजीनगरला आली, तेव्हा मी एका जुन्या कृष्णधवल सिनेमाची डिस्क आणली होती. माणसांचं रक्त पिणाऱ्या एका उमरावाची गोष्ट. अभ्यासवर्गात दाखवायची होती. आधी पाहिलेली प्रत इतकी कळकट, की त्याचं तोंडही धड दिसायचं नाही. ही नव्यानं साफ करून काढलेली. दुपारी आम्ही दोघी बघत बसलो. इंग्रजी ओळी मी तिला मराठीत सांगत होते.

उमराव दारात उभा. घरच्यांनी ‘या’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. साफ प्रतीत त्याचं हसू स्वच्छ दिसत होतं. फार अदबीचं.

“थांबव,” ताई म्हणाली. “म्हंजे या म्हटलं नाय तर बाहेरच?”

“बाहेरच.”

“मग येडे म्हणतात कशाला?”

“पाहुणा आहे ना. घराण्याची अब्रू.”

ताई लई हसली. हात दुखायला लागला तरी हसत होती.

रविवारी दाजी तिला न्यायला आले. अण्णांनी, आमच्या वडिलांनी, फाटकापासूनच ‘या, या जावईबापू’ सुरू केलं. आईनं शिरा केला. हात कसा मोडला, हे कुणी विचारलं नाही. शिरा गोड झालाय ना, हे दोनदा विचारलं. ताईनं सांगितलं, मी येणार नाय. दाजी हसत उठले.

“बरं, येतो मग.”

आपल्यात निघणारा ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो आणि घरच्यांनी ‘या’ म्हणायचं. ‘येतो’ न म्हणता उठतात ते मर्तिकाच्या घरातून. अण्णांचं तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, “जा.”

दाजी एका पायात बूट घालून उंबऱ्याबाहेर थांबले. हसू गेलं. “हिनं या म्हटल्याबिगर मी हलत नसतो.”

आईनं ताईचा धड असलेला दंड धरला. “म्हण की गं! एका अक्षरानं झिजतीस का?”

मी ओरडले, “हात मोडलाय त्यानं तिचा!”

“तू तुझी पत्रकं वाट,” अण्णा म्हणाले. आणि त्यांनीच हात जोडले. “मी म्हणतो ना. या जावईबापू. घर तुमचंच हाय.”

“तुम्हीच म्हणताय ना अण्णा,” ताई म्हणाली, “मग तुम्हीच जा नांदायला.”

दाजींनी दुसरा बूट घातला आणि गेले.

तेव्हापासून अण्णा ताईशी बोलत नाहीत. तिच्यासमोर बसून मला सांगतात, तिला म्हणावं पाणी दे. ती देते. दर रविवारी ते बिडकीनला फोन लावतात आणि तिला ऐकू जाईल असं म्हणतात, “या.”

ताई उठते आणि पुढच्या दाराला आतून कडी घालते.