सुखदेवच्या दुकानातला मुळा

मुळा फेकण्यात अख्ख्या अनसिंगात माझा हात धरणारा कोणी नाही. म्हणजे अनसिंगात खेळणारे आमी तिघंच, अन् त्यात माझा नंबर तिसरा. हे मीच सांगून टाकतो, नाहीतर भीमराव सांगेल.

हा मुळा वावरातला नाही, टीव्हीतला. आमचा अड्डा म्हणजे सुखदेवचं कटिंगचं दुकान. माझं पंक्चरचं दुकान त्याच्याच भिंतीला लागून. त्याच्याकडचे केस रोज संध्याकाळी झाडून निघतात, किस्से निघत नाहीत. ते खुर्चीखाली, आरशामागं साचत राहतात. आज जरा झाडू मारतो.

नंबर येईपर्यंत गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून सुखदेवनं वाशिमहून जुना व्हिडिओगेम आणला. सोबत एकाच खेळाच्या वेगवेगळ्या भागांच्या कॅसेटी. एक ठेंगणा गडी उड्या मारत चालतो. जमिनीत पाला दिसला की रिमोटचं बटण दाबून धरायचं. गडी वाकतो, मुळा उपटतो, डोक्यावर घेतो. बटण सोडलं की मुळा सुटतो, समोरच्या खेकड्याच्या टाळक्यात. पुढच्या भागात गड्याचे कपडे बदलतात, खेकड्याच्या जागी वटवाघूळ येतं, मुळा मात्र तोच. लग्नात एक मामा असतोच ना, बोलवा की नका बोलवू, तसा.

*

भीमरावानं जन्मभर भाजीपाला पिकवला. त्याच्या हाती पहिल्यांदा रिमोट दिला तेव्हा त्यानं मुळा झकास उपटला, अन् धरूनच बसला. खेकडा आला, गडी मेला. पुन्हा उपटला, पुन्हा धरून बसला, पुन्हा मेला.

सुखदेव म्हणाला, "भीमराव, सोड ना बटण."

"काढलेला माल कोणी फेकते काय बे? बजार कोणीकडं हाये ते सांग."

मी गंभीर तोंड करून सांगितलं, डाव्या बाजूला. झालं. भीमराव डोक्यावर मुळा घेऊन डावीकडं चालत राहिला. आता त्या खेळात डावीकडं रस्ताच नाही, गडी काठाला लागून जागच्या जागी पाय आपटतो. भीमराव बटण दाबून तसाच. अंगठा लाल झाला. शेवटी रिमोट माझ्या मांडीवर ठेवला अन् म्हणाला, "रस्ता बंद हाये. भाव पडला असन."

*

मग मी त्याला एक गुपित सांगितलं. टीव्हीसमोर खरा मुळा ठेवला की गड्याला ताकद येते. आमी सातवीपर्यंतच शिकलो, पुढं मास्तरनं जाऊ दिलं नाही, पण असली विद्या मला फार. भीमराव बाजाराच्या दिवशी मळ्यातून जुडी आणून टीव्हीपुढं ठेवू लागला. संध्याकाळी ती जुडी माझ्या घरी. हिवाळाभर फुकट भाजी.

बायको मात्र कुरकुर करायची. मुळे चिवट, शिजता शिजत नाहीत, दातात दोरे. शेवटी मी भीमरावाला सहज विचारल्यासारखं विचारलं, यंदा मुळे असे जून काहून?

तो शांतपणे म्हणाला, "टीव्हीले खायले कवळे कायले आनू?"

*

एक मास्तर वाशिमच्या बसची वाट पाहत दाढीला बसले. अर्धी दाढी झाली अन् लाईट गेली. लाईट आली तशी मास्तर म्हणाले, जरा दाखवा बरं तो खेळ. रिमोट हातात घेतला अन् खेळात गुंतले. सुखदेव वस्तरा घेऊन मागं उभा, मास्तरांचा एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस वाळून भिंतीच्या पोपड्यासारखा.

मी बाहेर जाऊन नुसतं म्हटलं, "बस आली वाटते." आली नव्हती. पण मास्तर धावले, अन् त्यांच्या नशिबानं ते स्टँडवर पोचेपर्यंत खरंच आली. चढले तसेच. कंडक्टरनं म्हणे एकदा या गालाकडं पाहिलं, एकदा त्या, अन् विचारलं, "अर्धं फाडू?"

*

सुखदेवची तुरटी एकदा मी बदलली. तिच्या जागी खडीसाखरेचा खडा ठेवला. ओला करून गालावर फिरवला की दिसायला तीच. त्या दिवशी ज्यांची ज्यांची दाढी झाली, त्यांच्या मागं दिवसभर माश्या. संध्याकाळी सुखदेवनं तो खडा जिभेवर ठेवून पाहिला. मला वाटलं शिव्या देईल. तो एवढंच म्हणाला, "ठेवलं ध्यानात."

*

मागल्या उन्हाळ्यात सुखदेवला लकव्याचा हलका झटका आला. तोंड सरळ झालं, पाय सरळ झाला, उजव्या हाताचा अंगठा काही ऐकेना. कंगवा धरला की पडे. वस्तऱ्याचं तर नावच नको. त्याची बायको मंगलावहिनी सकाळी शटर उघडायची, अन् तो नुसता खुर्चीत बसायचा, गिऱ्हाइकाच्या. गिऱ्हाईक स्टँडसमोरच्या नव्या सलूनकडं वळलं. मंगलावहिनी मला एकदा हळूच म्हणाली, दिवाळीपर्यंत हात नाही वळला तं दुकान देऊन टाकतो म्हणतात हे.

दवाखान्यातल्या बाईनं त्याला दाबायला रबरी चेंडू दिला होता. त्यानं तो कंटाळून कोपऱ्यात टाकला. मग भीमरावानं रिमोट त्याच्या हातात ठेवला. म्हणाला, "फेकू नको. फक्त धरून ठेव. मले पाह्य, मी कसा धरत होतो."

सुरुवातीला सुखदेवचा गडी वाकायचा, पाला धरायचा, अन् मुळा निसटायचा. आमी दोघं बाकावर. मी आपलं चालू ठेवलं, की सुखदेव, जमीन कडक हाये, आधी पाणी दे. मग मुळा वर यायला लागला. मग डोक्यावर थांबायला लागला. पावसाळा सरला तेव्हा सुखदेव मुळा घेऊन खेळातल्या सगळ्या पायऱ्या चढायचा, अन् पाहिजे तिथंच सोडायचा.

अन् एका दुपारी त्यानं शेवटचा मोठा खेकडा पाडला. आमच्यापैकी कोणी तिथवर गेलं नव्हतं. सुखदेवनं रिमोट ठेवला, खण उघडला, वस्तरा काढला, नवं पातं घातलं, अन् खुर्ची झटकली.

मंगलावहिनी दारात उभी राहिली.

मी भीमरावाकडं पाहिलं. त्याची दाढी चांगली वाढलेली. तो गालावरून हात फिरवत म्हणाला, "मी तं ठेवून राह्यलो दाढी." सकाळपर्यंत ठेवत नव्हता.

मग राहिलो मी. बसलो. सुखदेवनं गळ्याभोवती कपडा बांधला, फेस लावला, मान मागं केली. वस्तरा चकाकला अन् मला नेमकी खडीसाखर आठवली. कानशिलापासून हनुवटीपर्यंत ठीक गेलं. मग पातं गळ्यावर आलं, अन् थांबलं. त्याला धीर यावा म्हणून मी म्हटलं, "सुखदेव, हात थरथरत असन तं सांग बरं गड्या, लाजू नको."

तो वाकून, जवळून म्हणाला, "हात नाई थरथरून राह्यला, गुलाब्या. तुहा गळा थरथरून राह्यला. तो थांबला की सांग."