उघड्या डोळ्यांची प्रार्थना

मेट्रनबाई प्रार्थनेत डोळे मिटत नसत. नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये पाळकांनी "आपण प्रार्थना करू या" म्हटले, की साऱ्या मंडळीच्या माना भरल्या कणसांसारख्या वाकत. त्यांची तेवढी ताठ राही. शेजारच्या बाकावरून, पापण्यांच्या फटीतून, मी त्यांच्याकडे चोरून पाही. खळ घातलेल्या पांढऱ्या साडीची करकर, निवृत्तीनंतरही अंगाला चिकटून राहिलेला फिनाइलचा वास, आणि समोरच्या क्रुसावर रोखलेली कोरडी नजर. कोणी विचारलेच तर म्हणत, "वॉर्डात डोळे मिटायची सोय नव्हती. सलाइन संपताना आवाज करत नाही, बाळ."

मनमाडच्या बहिणीचा मुलगा सुनील त्यांच्याकडे शिकायला होता. स्वतःचे मूल नसलेल्या बाईंचे सारे घर त्याच्याभोवती फिरे. प्रार्थना सुरू झाली की तो आपला इवलासा तळवा त्यांच्या डोळ्यांवर ठेवी आणि कुजबुजे, "मावशी, देव रागवेल."

"रागवू दे. बघतोय एवढं तरी कळेल," त्या म्हणत. तळवा मात्र काढत नसत.

ब्याण्णव सरता सरता मुंबई पेटली. नाशिकच्या थंडीत वर्तमानपत्रे धुरासारखी घरोघर शिरली. त्या रविवारी मंडळीच्या वतीने मागणे मागण्याची पाळी बाईंची होती. आजारी, परीक्षार्थी, प्रवासी अशा नेहमीच्या नावांवर त्या थांबल्या नाहीत.

"बापा, जे मारले गेले, ते तुला ठाऊक आहेत. ज्यांनी मारले, तेही तुझेच. आज ते हात धुऊन जेवायला बसले असतील. त्यांची झोप काढून घे. आपण काय केले ते पुरते दिसेपर्यंत परत देऊ नकोस. आणि जे खिडकीच्या फटीतून पाहत राहिले, त्यांचीही."

'आमेन' म्हणताना मंडळीचा आवाज फुटला. निम्मे ओठ हललेच नाहीत.

बाहेर चिंचेखाली मंडळीचे चिटणीस वाट पाहत होते. "मेट्रनबाई, आपण मूठभर लोक. कुणाचं नाव कशाला मध्ये ओढायचं?"

"मी कुणाचं नाव घेतलं?"

"तेच तर. ज्याला त्याला आपलंच वाटलं."

"मग प्रार्थना पोचली म्हणायची."

पुढच्या महिन्यापासून मागणे मागण्याची पाळी दुसऱ्यांकडे गेली. बाईंना वेदीवरच्या फुलांची सेवा मिळाली. त्या निमूटपणे निशिगंध मांडत. "फुलं बोलत नाहीत," त्या म्हणाल्या, "म्हणून तर ती सगळ्यांना चालतात."

शहरात शांतियात्रा निघाली, तेव्हा त्याही चालल्या. फलक होते, पांढऱ्या टोप्या होत्या, शेवटी पिंजऱ्यातून उडवलेले एक कबूतर होते. ते जेमतेम मांडवाच्या बांबूपर्यंत गेले आणि तिथेच बसून राहिले. मागे भज्यांची कढई चढली होती. तेलाचा वास आला तशा बाई वळल्या. "मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत," एवढेच म्हणाल्या आणि चहाही न घेता घरी गेल्या.

पुढे सुनील मुंबईला नोकरीला लागला. दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात तिथे बॉम्ब फुटले, आणि सुनील पेटीतून परत आला. पेटी उघडू नका, असे बजावून सांगण्यात आले होते. चर्चमध्ये ओल्या लाकडाचा आणि निशिगंधाचा वास कोंडला होता. बाई पुढे झाल्या. झाकणाखाली त्याचे डोळे जिथे असतील, तिथे त्यांनी आपला तळवा ठेवला. दफनाची वेळ होऊन गेली, तरी तळवा तिथेच होता.

आठवडाभरात मैदानावर श्रद्धांजली सभा ठरली. प्रत्येक धर्माचा एकेक वक्ता हवा होता. ज्यांनी बाईंची पाळी काढून घेतली होती, तेच चिटणीस त्यांच्या ओट्यावर येऊन बसले. सुनील गेल्यापासून मी बाईंच्या सोबतीला जात असे; तेव्हा आत चहा करत होते.

"दोनच शब्द बोला, बाई. 'मी क्षमा केली' एवढंच. चॅनेलवाले येणार आहेत. साऱ्या शहराला आपली साक्ष होईल."

"मी मारणाऱ्यांसाठी प्रार्थना केली, तेव्हा तुम्हांला भीती वाटली," बाई म्हणाल्या. "आता माझ्या तोंडून क्षमा हवी. तीही कॅमेऱ्यासमोर."

"ख्रिस्ताने नाही का केली?"

"त्याच्या हातांत खिळे होते. माझ्या हातांत काय आहे? माईक."

तरीही त्या गेल्या. हजार मेणबत्त्यांच्या वितळत्या, गोडसर वासात त्या माईकसमोर उभ्या राहिल्या. कॅमेरा जवळ सरकला.

"ज्याचा जीव घेतला, क्षमा त्याने करायची," त्या म्हणाल्या. "त्याला विचारून कळवते." आणि खाली येऊन बसल्या.

टाळ्यांसाठी वर आलेले हात तसेच खाली गेले. परतताना माझ्या मागे कोणीतरी म्हणाले, "ख्रिश्चन असून एवढं विष." तो आवाज आमच्याच मंडळीतला होता.

त्या रविवारी, पाळी नसताना, मेट्रनबाई बाकावरून उठल्या. कोणाची अडवण्याची हिंमत झाली नाही. डोळे उघडे, शब्द तेच, इतक्या वर्षांपूर्वीचे. "ज्यांनी मारले, तेही तुझेच, बापा. त्यांची झोप काढून घे. पुरते दिसेपर्यंत परत देऊ नकोस." मग आवाज खाली आला. "तोवर माझीही राहू दे तुझ्यापाशी."

त्या दिवशी कोणीच 'आमेन' म्हटले नाही.

दोन-तीन वर्षांनी त्या गेल्या. शेवटी मी उशाशी होते. पापण्या मलाच मिटाव्या लागल्या, आणि त्या सहज मिटल्या नाहीत. मंडळीने मोठ्या मनाने संगमरवरी दगड बसवला. त्यावर त्यांच्या नावाखाली चिटणिसांनी सुचवलेले तीन शब्द आहेत: 'यांनी क्षमा केली.' उपासनेनंतर पाहुण्यांना ती कबर आवर्जून दाखवतात. पाहुणे मान लववतात, कोणी रुमाल काढतो.

मीही निशिगंध घेऊन जाते. त्या दगडापुढे प्रार्थना करते, पण डोळे मिटत नाही. मिटले, तर त्या तीन शब्दांवर माझाही विश्वास बसेल, अशी भीती वाटते.