मांडी न घालणारी मुलगी

१७ जुलै, गुरुवार. पोखर्णीच्या पुढच्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून मी काडीने सँडलचा चिखल खरवडत होते. हेडमास्तर बाहेर आले आणि थेट मुद्द्यावर आले.

"मॅडम, पोरगी मांडी घालून बसत नाही. प्रार्थनेला नाही, वर्गात नाही, खिचडी खायलाही नाही. एक पाय लांब सोडून बसते. बाकीची पोरं बघून तसंच करायलीत."

"पायाला काही लागलंय?"

"डॉक्टरला दाखवलं. काही नाही. चुलत्यानं गंगाखेडला हॉस्टेल बघितलंय. सोमवारी नेणार. आई तयार नाही. तुम्ही दोन शब्द सांगा, म्हणजे ती ऐकेल."

मी समुपदेशक आहे. घरातलं माणूस गेलेल्या मुलांना भेटणं हे माझं काम. ऑफिसात त्याला ग्रीफ सपोर्ट म्हणतात. साधा अर्थ असा, की घरात ज्याचं नाव कोणी काढत नाही त्याच्याबद्दल मुलांशी बोलायचं. या मुलीला गिरिजा म्हणू. खरं नाव वेगळं. तिसरीत होती. मे महिन्यात तिचे वडील शेतात हार्ट अटॅकने गेले. ही माझी दुसरी भेट. पहिल्या भेटीत ट्रेनिंगमधली चित्रं तिच्यापुढे मांडली होती: दवाखाना, रडणारी माणसं, चिता. चितेचं चित्र तिने उलटं करून ठेवलं. मी ते भीतीच्या खात्यात टाकलं आणि पुढे गेले.

तिच्या घरी पोचले तेव्हा धाकटा चुलता अंगणात शेळ्यांना पाला टाकत होता.

"या मॅडम. तुमचं काम नुसतं बोलायचंच का? पगार मिळतो त्याचा?"

"मिळतो. गप्प बसायचाही मिळतो."

"मग तिच्या आईला समजवा. हॉस्टेलला वळण लागंल पोरीला. हितं बापाची आठवण येती."

"तिथे येणार नाही?"

तो पाल्याकडे वळला.

गिरिजा आत जमिनीवर बसली होती, उजवा पाय सरळ. कोपऱ्यात प्लॅस्टिकची खुर्ची आणि तिच्यापुढे स्टूल. दोन्हींवर धूळ होती.

"ही खुर्ची कुणाची?"

"पप्पाची. त्यांच्या गुडघ्यात रॉड होता. मांडी घातली की कळ यायची. मी ताट स्टुलावर ठेवायची."

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमच्यात बसवतेत का?"

मला कळायला एक क्षण लागला. हे लिंगायत घर. त्यांच्यात मृताला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, बेल वाहतात आणि तसंच बसलेलं समाधीत ठेवून माती देतात. चितेचं चित्र तिच्या कामाचंच नव्हतं.

"आमच्यात जाळतात. तुझ्या पप्पांना बसवलं?"

"दोघांनी धरून मांडी घातली त्यांची. आता तसेच बसलेत. पाय लय दुखत असंल." तिने स्वतःच्या पायावर हात ठेवला. "त्यांना सोडता येत न्हाई, म्हणून मी सोडती."

'दुखत नाही' असं मी सांगितलं असतं, तर तिने मान हलवली असती आणि पाय तसाच ठेवला असता. मोठ्यांचं तिने बरंच ऐकलं होतं: पप्पा झोपलेत, पप्पा महादेवाजवळ आहेत. म्हणून मी विचारलं, "गुडघा दुखला की पप्पा काय करायचे?"

"ओरडायचे. लय. माझ्यावरच."

"आणि त्या दिवशी मांडी घालताना?"

ती आठवू लागली. "न्हाई ओरडले."

"तोंड वाकडं केलं?"

"न्हाई."

"का?"

"मेले होते ना."

त्या घरात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"मेल्यावर दुखत न्हाई?" तिने विचारलं.

"नाही. कुणालाच नाही."

दारात तिची आई उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. कधीपासून, कोण जाणे.

"मला बी तेच येतंय मनात," ती म्हणाली. "रोज तेल चोळायची मी त्या गुडघ्याला. आन शेवटी तोच मोडून बसवला. कुणाला सांगू?"

"मला का न्हाई सांगितलं?" गिरिजा म्हणाली.

"तू लहान हायस."

"मी न्हाई सांगितलं, तू रडतीस म्हणून."

दोघी एकाच अंथरुणावर निजत होत्या.

आई तांब्या खाली ठेवून अंगणात गेली. "भावजी, पोरगी कुठंच जायची न्हाई."

"मग नीट बसंल का शाळेत?"

"बसंल तवा बसंल."

एसटीची वाट बघताना ऑफिसला फोन लावला. सरांनी विचारलं, "केस क्लोज?"

"नाही. आणि चित्रांत समाधीचं एक वाढवा."

"बजेट नाही."

"पेनाने काढते."

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. मुलाला काय वाटतं हे नंतर विचारते. त्याने काय पाहिलं ते आधी.

संध्याकाळी परभणीला खोलीवर आले. केसमधलं घरी बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे. मला तो जड जात नाही. घरी कोणी नाही. ओट्याशी उभ्यानेच जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने पुन्हा शाळेत गेले. हेडमास्तरांना म्हटलं, "तिला हवं तसं बसू द्या."

"कधीपर्यंत?"

"ते ती ठरवेल."

प्रार्थनेला मुलं बसत होती. गिरिजा मागच्या रांगेत, एक पाय दुमडलेला, एक सरळ. मी तिच्या शेजारी जमिनीवर टेकले. प्रवासाने गुडघे आखडले होते. दोन्ही पाय लांब सोडले.

ती कानाशी आली. "मॅडम, मांडी घाला. सर बघायलेत."

मी घातली.